कडूबाची तिसरी प्रतिज्ञा

शनिवारी दुपारी सगुणाबाई दारात आल्या तेव्हा भावना ज्वारी निवडत बसली होती. त्यांच्या काखेत मंडळाची वही दिसली, आणि त्या कशासाठी आल्या हे तिला न सांगताच कळलं.

जालन्यातल्या एका चर्चमध्ये बायकांचं दारूबंदीचं मंडळ वीस वर्षांपासून चालत होतं. सगुणाबाई त्याच्या अध्यक्ष. दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. भावना मंडळाची सेक्रेटरी. दर शनिवारी चार-सहा बायका पिणाऱ्याच्या घरी जात, प्रार्थना करत, घरातल्या बाईचं गाऱ्हाणं ऐकून घेत. माणूस तयार झाला की रविवारी उपासनेनंतर तो वेदीपाशी उभा राही, पवित्र शास्त्रावर हात ठेवून दारू सोडल्याची प्रतिज्ञा घेई आणि वहीत सही करी. शेजारी बायको उभी राही. साक्षीदाराची सही तिची.

त्या वहीत भावनाच्या नवऱ्याची, कडूबाची, सही दोनदा होती. तिचीही दोनदा.

"कडूबा काल पाळकसाहेबांकडं गेल्ता," सगुणाबाई टेकत म्हणाल्या. "उद्या परत प्रतिज्ञा घेतो म्हणतोय."

"घेऊ द्या."

"तू उभी राहशील ना?"

"न्हाई मावशी."

भावना खाली बघत बोलू लागली. "सही झाली की मला आशा लागती. मंग मी दोन दिवस हवेत असते. तिसऱ्या दिवशी ते पिऊन येतात. त्यांच्या पिण्याची सवय झालीय मला. ह्या आशेची होत न्हाई."

"तिसऱ्या दिवशी? दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"काय झालं होतं त्या दिवशी, नीट सांग."

भावनाला आठवायला फारसा वेळ लागला नाही. सकाळपासून कडूबाचे हात थरथरत होते, चहाचा कप धरवेना. अंगातून घामाच्या धारा. भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून तो झाडू घेऊन बसला होता, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. तसाच एमआयडीसीत गेला. तिथं भट्टीतून लाल होऊन आलेली सळई सांडशीनं धरायचं त्याचं काम. हात बघून मुकादमानं त्याला परत पाठवलं. वाटेत तो प्याला आणि हात थांबले.

"मला वाटलं, सोंग करून राह्यलेत."

सगुणाबाईंनी काखेतली वही बाजूला ठेवली. "सोंग न्हाई ते," त्या म्हणाल्या. "रोज पिणाऱ्याची एकदम तुटली की असं होतं. जीवसुद्धा जातो. वॉर्डात मी किती बघितले असे. आणि आपण त्याच्याकडून शपथा घेत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ कोण बसणार, हे कधी विचारलं न्हाई."

रविवारी भावना मुलीला, प्रीतीला, घेऊन मागच्या बाकावर बसली. कडूबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढं उभा होता. राजानंद पाळकांनी साक्षीदाराला बोलावलं. कुणी उठलं नाही. पुढच्या बाकावर बसलेल्या, मंडळातल्याच कांताबाईंनी वळून बघितलं. भावनानं मान खाली घातली.

"ती येणार न्हाई," कडूबा म्हणाला. "माझ्यामुळं दोनदा खोटी पडली ती. तिला बोलावू नका."

तेव्हा सगुणाबाई उठल्या. त्यांनी वही मिटली. "सही आज न्हाई. कडूबा आज दवाखान्यात भरती होईल. आपण बायका पाळीपाळीनं बसू."

"मंडळाचं काम प्रार्थनेचं," कांताबाई म्हणाल्या. "दवाखान्याचं कधीपासून झालं?"

"आधीच व्हायला पाहिजे होतं. चूक माझी हाय."

दुपारी कडूबा भरती झाला. पाळ्यांची यादी सेक्रेटरी म्हणून भावनालाच करावी लागली. तिनं सगळ्यांची नावं लिहिली, आपलं लिहिलं नाही. दोन दिवस प्रीतीच्या हाती डबा पाठवला आणि स्वतः घरी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईच दारात आल्या. डोळे लाल झाले होते. "चल," त्या म्हणाल्या. "तो मला वळखत न्हाई. सांडशी द्या, सांडशी द्या म्हणून राह्यलाय. माझ्यानं बघवत न्हाई, भावना."

भावना तशीच निघाली. वॉर्डात कडूबा खाटेवर पडला होता, सलाईन चालू होतं, दोन्ही हात हवेत काहीतरी धरू बघत होते. ती शेजारी बसली आणि तिनं ते हात आपल्या हातात घेतले. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पण तिला ओळखलं नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "प्रीतीच्या आईला सांगू नका. मी परत हरलो म्हणून सांगू नका."

भावनानं त्याचे हात आणखी घट्ट धरले.

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत ती उठली नाही. कांताबाईंनी आणलेला चहा तिथंच गार झाला. संध्याकाळी औषधानं त्याला झोप लागली तेव्हा तिनं हात सोडले. आपली बोटं आखडून गेलीत, हे तिला तेव्हा कळलं.

नवव्या दिवशी कडूबा घरी आला. डॉक्टरांनी भट्टीजवळचं काम नको असं सांगितलं, म्हणून मुकादमानं त्याला माल मोजण्यावर घातलं. दोन महिने बरे गेले. मग मावसभावाच्या लग्नात तो प्याला. घरी आल्यावर उंबऱ्याबाहेरच थांबून त्यानं स्वतःच सांगितलं. भावना रडली. थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि त्याला घेऊन सगुणाबाईंच्या घरी गेली. तिघांनी मिळून परत दवाखाना गाठला.

त्यालाही आता पाच महिने झाले. कडूबा प्यालेला नाही. भावनाचा पुरता विश्वास बसलेला नाही, आणि तसं तिनं मंडळातही मोकळेपणानं सांगितलं. कुणी तिला नावं ठेवली नाहीत. मंडळात आता नवा माणूस आला की सगुणाबाई आधी त्याला डॉक्टरकडं नेतात, आणि पाळीला पहिलं नाव कांताबाई आपलं लिहायला लावतात.

गेल्या महिन्यात प्रीतीनं वडलांना शाळेतल्या पालकसभेला बोलावलं. आजवर कधी बोलावलं नव्हतं. भावना मुद्दामच घरी राहिली, दारात उभी. दोघं पायी निघाले, प्रीती पुढं आणि कडूबा दोन पावलं मागं. कोपऱ्यावर प्रीती थांबली, वडील जवळ येईपर्यंत. मग दोघं बरोबरीनं वळले. भावना आत आली आणि चूल पेटवून भाकरीला बसली.