शिंगीचं कालवण

निरुपम सान्यालच्या पुढ्यात केळीचं पान होतं, पानावर भात, आणि भातावर रोहू माशाचा पोटाकडचा जाडजूड तुकडा. दोन्ही बाजूंना पंगत मांडून सतरा भाऊबंद ताटकळले होते. बाप गेल्यावर चितेला अग्नी देणाऱ्या मुलानं श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मासा तोंडात घातला की सुतक फिटतं. तोवर बाकीच्यांनी माशाला हात लावायचा नाही. बंगालातल्या चंदननगरात ही रीत कुणी घातली ते कुणी विचारत नाही, कारण विचारत बसलं तर मासा थंड होतो.

अडचण एवढीच की निरुपमनं एकोणीस वर्षांत मासा खाल्ला नव्हता. ऋषिकेशला तो योग शिकवायचा. मांस खाणं पाप आहे का, असं कुणी ना कुणी दर वर्गात विचारायचंच. तो म्हणायचा, "पाप-बिप सोडा. ताटात जे आहे त्यासाठी कोण तडफडलं, एवढंच विचारा." मग वर्ग गप्प व्हायचा आणि निरुपमला बरं वाटायचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं घरी बजावून ठेवलं होतं, मी आलो की घरात मासा शिजायचा नाही, मला तो वास सोसत नाही. अहिंसेचं एवढं सोवळं त्यानं दाराबाहेर काढून ठेवलं नाही, थेट स्वयंपाकघरात नेलं.

गेले दहा दिवस घरातले सगळेच उकडलेलं कच्चं केळं, आतप म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात आणि तूप यांवर होते. धाकटे काका तिसऱ्याच दिवशी टेकीला आले आणि निरुपमला घरच्या नावानं हाक मारून म्हणाले, "मोंटू, तू रोज हेच खातोस? मग जगतोस कशाला रे?" तेव्हा सगळे हसले होते, निरुपमही हसला होता. हसताना आपण हसतोय एवढंच त्याला कळलं. बाप गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. चिता पेटवली, डोकं भादरून घेतलं, पिंड वळले, सगळं रीतसर. रडू मात्र आलं नाही. लोक म्हणाले, योगी माणूस, केवढं मन आवरलंय! त्यानं काही आवरलं नव्हतं. आत आवरण्याजोगं काही हाताला लागतच नव्हतं.

आज सकाळी आई विळीवर भोपळा चिरत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, "त्यांना शिंगी माशाचं कालवण हवं होतं."

"कधी?"

"शेवटी. तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. आजारी माणसाच्या तोंडाला दुसरं काय रुचतं? पातळ, जिरं घातलेलं. मी म्हटलं, मोंटू घरात आहे, तो गेला की करते. ते म्हणाले, बरं."

"मग?"

"मग काय. तू गेला नाहीस. ते गेले."

"मला का नाही सांगितलंस, मा?"

"एकोणीस वर्षांत कधी सांगितलं का?" आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं भोपळ्याच्या फोडी परातीत लोटल्या आणि ती उठली.

आता भरून येतील हे डोळे, असं त्याला वाटलं. कोरडेच राहिले. पण लाज वाटली. नऊ दिवस त्यानं बापाच्या उशाशी बसून मुगाची खिचडी खाल्ली होती आणि बापालाही तीच भरवली होती. त्या खिचडीसाठी कोण तडफडलं, हे त्यानं विचारलं नव्हतं.

"घाल रे तोंडात, योगीमहाराज," पंगतीतून धाकटे काका ओरडले. "बाप सुटला, आता आम्हाला सोडव."

निरुपमनं पानावरून नजर उचलली. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन पानं वेगळी मांडली होती. एकावर बेला पिशी बसली होती, बापाची थोरली बहीण. दुसऱ्यावर आई. दोघींच्या पानांवर भात आणि उकडलेलं केळं.

"माच्या पानावर मासा का नाही वाढला?"

"काय बोलतोस!" पिशी म्हणाली. "नवरा गेला की बाईचा मासा गेला. मी सव्वीसाव्या वर्षी सोडला. मेले का?"

"तू सोडलास, की तुझ्या पानावरून उचलला?"

पिशीचा घास हातातच राहिला.

"मी माझ्या मनानं सोडला, पिशी," निरुपम म्हणाला. "माझ्या आईला कुणी विचारलं का, तुला हवा की नको?"

"तू विचारलंस, एकोणीस वर्षं?" पिशी उलटून म्हणाली.

तो उठला, स्वतःचं पान दोन्ही हातांनी उचलून दाराशी गेला आणि आईच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"मा, तुला हवाय?"

आईनं पदर सारखा केला. पिशीकडे पाहिलं, मग माशाकडे. "शेपटीकडचा असला तरी चालेल," ती म्हणाली. पोटाकडचा तुकडा या घरात बायकांच्या पानावर कधी आलाच नव्हता.

त्यानं तो तुकडा मधोमध तोडला आणि अर्धा तिच्या भातावर ठेवला. पिशीनं तोंड भिंतीकडे वळवलं, पण ती उठून गेली नाही. आईनं आधी त्याच्या पानावरचा अर्धा ओढून घेतला, बोटांनी चाचपून त्यातले काटे काढले, सवयीनं, तो चार वर्षांचा असताना काढायची तसे, आणि मऊ भाग त्याच्याकडे सरकवला. मग ती स्वतः खाऊ लागली. निरुपमनं तो घास तोंडात घातला. चव लागली नाही. त्यानं चावला आणि गिळला.

"झालं!" काका म्हणाले, आणि सतरा हात पानांवर पडले.

"पुढच्या वेळी येशील," आई काटा बाजूला ठेवत म्हणाली, "तेव्हा घरात मासा शिजेल."

"बरं," निरुपम म्हणाला.