एकाच पत्त्यावरचं गाव

बन्सी चोरच आहे, याबद्दल धनश्रीच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती.

दूध संघाचा मेल सर्व्हर तिच्याच ताब्यात. काष्टीकडच्या एका गावातून सारखे मेल यायचे: गाय आजारी आहे, डॉक्टर पाठवा, औषध द्या. नावं निरनिराळी, कधी छबूबाई, कधी रंभाजी, पण लिहिण्याची ढब एकच. तिथंच तिला वास आला. नाव काय हो, कुणीही काहीही टाकतं! म्हणून तिनं सर्व्हरमध्ये एक नियम लिहिला. मेलच्या हेडरमधलं, म्हणजे वरच्या ओळीतलं, पाठवणाऱ्याचं नाव सोडायचं आणि नुसता ईमेल पत्ता उचलायचा. निघालं काय? सगळ्या मेलचा पत्ता एकच, बन्सीचा!

"संघाची फुकट औषधं लाटून बाहेर विकतोय हा," तिनं साहेबांना सांगितलं.

"एखादी गाय खरंच आजारी निघाली तर?"

"सर, एका पत्त्यावर इतकी माणसं राहतात होय?"

झालं. त्या पत्त्यावरचे मेल परस्पर कचऱ्यात जाऊ लागले. डॉक्टरांपर्यंत एकही पोचेना. धनश्रीला मनातून केवढं बरं वाटलं!

तरी मेल थांबेनात. निर्लज्ज कुठला! शेवटी त्याला रंगेहाथ पकडायला ती स्वतःच गावात गेली.

बन्सीचं दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज आणि एक कॉम्प्युटर. दारात रांग. कुणाला सातबारा हवा, कुणाला पीकविमा भरायचा. फॉर्ममध्ये ईमेल मागितला की बन्सी बिनदिक्कत स्वतःचाच टाकत होता.

"हे काय चाललंय?" धनश्री कडाडली. "नाव लोकांचं आणि पत्ता तुमचा?"

"मग कुनाचा टाकू, ताई?" बन्सी गोंधळला. "गावात ईमेल मला एकट्यालाच हाय. ब्यांकेचं असू द्या, गॅसचं असू द्या, समद्यांचं माझ्याच मेलवर येतं. मी वाचून दावतो."

धनश्रीचा आवाज एकदम उतरला. "त्या छबूबाई... खरंच आहेत?"

रांगेतली एक म्हातारी पुढं आली. "मीच की. तुमी संघाच्या का? माझ्या गाईपायी लई मेल टाकले बगा बन्सीनं."

"मावशी, आत्ता डॉक्टर बोलावते. आत्ताच्या आत्ता!" धनश्रीनं मोबाईल काढला.

"ऱ्हाऊ द्या. परवाच गेली ती." छबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "उन्हाचं लांबून आलाय, चला घरी. च्या टाकते. कोराच हाय, तेवढा चालवून घ्या."