फोटोखालचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना घडीचा फलक आहे. तीन फळ्यांचा, पितळी बिजागऱ्यांचा, उघडून उभा केला की पुरुषभर उंच. विद्यापीठातल्या मृदाशास्त्र विभागाच्या, म्हणजे जिथे मातीचा अभ्यास शिकवतात त्या विभागाच्या दारात मी उभा असतो. पण दारात उभं राहण्यासाठी मला घडवलेलं नव्हतं. गावोगावच्या शिक्षण मेळाव्यांतून विद्यार्थी गोळा करून आणायचे, हे माझं काम होतं.

मला घडवलं विद्यापीठाच्याच सुतारानं. हाताचा चोख आणि जिभेचा तिखट माणूस होता तो. त्यानं चार दिवस खपून माझ्या कडा गुळगुळीत केल्या. मग कार्यालयातल्या कारकुनांनी माझ्यावर मजकूर चिकटवला. अभ्यासक्रम, वसतिगृह, ग्रंथालय, उपाहारगृह, क्रीडांगण, अगदी बस कुठे थांबते तेसुद्धा. फक्त मधली फळी रिकामी होती. तिथे एका हसऱ्या विद्यार्थ्याचा फोटो हवा होता.

फोटोवाला आला तो नेमका सगळा वर्ग मातीचे नमुने आणायला बाहेर गेला होता त्या दिवशी. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. फोटोवाल्याला दुसरा दिवस मोकळा नव्हता. तेवढ्यात एक मुलगी कार्यालयाच्या खिडकीशी दिसली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काकांनी तिला बोलावलं, आपला पांढरा कोट तिच्या अंगावर चढवला, बाह्या दुमडून दिल्या आणि हातात माती चाळायची चाळण दिली.

"हसा हो ताई जरा," फोटोवाला म्हणाला. ती हसली.

फोटो झकास आला. कारकुनांनी त्याखाली स्वतःच्या मनानं एक वाक्य लिहिलं, 'या विभागानं मला माझी वाट दाखवली.' मुलीचं नाव कुणी विचारलं नाही. ती खिडकीशी कशासाठी उभी होती, हेही कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सात वर्षं मी उन्हातान्हात हिंडलो. शाळांची सभागृहं पाहिली, मंडप पाहिले, टेम्पोत आडवा पडून हाडं खिळखिळी करून घेतली. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडम माझ्याशेजारी उभ्या राहून घसा कोरडा होईपर्यंत बोलायच्या. लोक यायचे, नाकं मुरडायचे. "माती शिकायला कॉलेजात कशाला जायचं?" असं एक वडील म्हणाले, तेव्हा काकांनी त्यांना अर्धा तास बसवून माती समजावली आणि शेवटी ते गृहस्थ अर्ज घेऊनच उठले. मॅडम मात्र वाद घालत नसत. त्या फोटोवर बोट ठेवून म्हणायच्या, "ही बघा आमची मुलगी." लोक पाहायचे आणि विरघळायचे. मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो. हे सगळे विद्यार्थी मीच आणले, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. पहिल्या वर्षाला वीस अर्ज आले नाहीत, तर वर्ग भरणार नाही. मेळाव्याच्या शेवटच्या दुपारी आमच्याकडे अठरा होते. मॅडमनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तेव्हा दोघी बहिणी आल्या. धाकटीच्या हातात भरलेला अर्ज होता आणि ती सरळ टेबलाशी गेली. थोरली मात्र माझ्यासमोरच थांबली.

"ही आमची विद्यार्थिनी," मॅडम सवयीनं म्हणाल्या. "बघा, किती खूश आहे."

"ती मीच आहे," थोरली म्हणाली.

मॅडमचा चेहरा उजळला. "अगं, मग लांब का उभी? ये ना! काय करतेस सध्या?"

"औषधांच्या गोदामात आहे, पॅकिंगला. मॅडम, मी दुसऱ्या वर्षीच सोडलं. हा फोटो काढला ना, त्या दिवशी मी दाखला न्यायला आले होते."

काकांनी हातातली माहितीपत्रकं खाली ठेवली. "कोट माझा होता," ते हळूच म्हणाले. "मी एवढ्या बाह्या दुमडल्या, पण पोरी, तुझ्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही गं."

"का सोडलंस?" मॅडमनी विचारलं. हा प्रश्न सात वर्षं उशिरा आला होता.

"आई अंथरुणाला खिळली होती. घरात मीच मोठी. प्रयोगशाळा बुडायला लागली, हजेरी भरेना. खिडकीतल्या कारकुनांनी सही कुठे करायची ते दाखवलं. मी केली."

"एक वर्षाचा खंड घेता आला असता तुला. तसा नियम आहे."

"मला कोण सांगणार? इथेसुद्धा कुठे लिहिलंय?"

तिनं माझ्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. बसचा थांबा होता, क्रीडांगण होतं. तो नियम तेवढा नव्हता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. या मुलीच्या हसण्यावर मी सात वर्षं पोरं गोळा केली होती, आणि तिला तर आम्ही घालवून दिलं होतं.

धाकटीनं अर्ज छातीशी धरला. "मॅडम, मी चार दिवस आले नाही, तर तुम्हाला कळेल का?"

मॅडमना 'हो' म्हणता आलं असतं. मला तर वाटलं, आता म्हणतीलच. एकेका अर्जावर वर्ग अडला होता.

"आजवर तरी कळत नव्हतं, बाळ," त्या म्हणाल्या. "अर्ज घरी घेऊन जा, विचार कर. माझा आकडा भरावा म्हणून देऊ नकोस."

मग त्यांनी पेन घेऊन फोटोखालचं वाक्य खोडलं आणि फोटो उचकटायला नखं लावली.

"फोटो राहू द्या," थोरली म्हणाली. "वाक्य खोटं होतं. मी खरी आहे."

तिनं पेन मागून घेतलं आणि खोडलेल्या ओळीखाली लिहिलं, 'मी दुसऱ्या वर्षी सोडून गेले. जाताना मला कुणी काही विचारलं नाही.' त्याखाली मॅडमनी खंडाचा नियम लिहिला आणि आपल्या खोलीचा क्रमांक टाकला.

"विषय चांगला आहे गं," थोरली बहिणीला म्हणाली. "मातीनं माझं काही वाकडं केलं नाही. तुझं तू ठरव."

धाकटीनं दोन्ही ओळी दोनदा वाचल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला. "ताई, आता यांना माहीत तरी झालंय," ती म्हणाली.

तो एकोणिसावा अर्ज. विसावा आलाच नाही. मॅडमनी वरच्या साहेबांचे उंबरठे झिजवले, काका मला उचलून त्यांच्या दालनातही घेऊन गेले. साहेबांनी माझ्यावरचं सगळं वाचलं आणि एका वर्षापुरती एकोणीस जणांवर परवानगी दिली. पुढचं पुढे. थोरली मात्र परत शिकायला आली नाही. तिला नोकरी होती, संसार होता. उशिरा विचारलं तर उत्तर मिळतं, पण गेलेली वर्षं मिळत नाहीत.

आता मला मेळाव्यांना नेत नाहीत. नवा चकचकीत पडदा जातो. त्यावर तो नियम सगळ्यांत वर छापलेला आहे, हे मी स्वतः पाहिलंय. माझी एक बिजागरी निखळली आहे, कोपऱ्यांचा रंग उडालाय. येणारे-जाणारे माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण परवा धाकटी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्याशेजारीच उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "अगं, दिसली नाहीस. बरी आहेस ना? घरी सगळं ठीक?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडम मात्र बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मधूनमधून नुसतं "हं, हं" म्हणत राहिल्या.

मित्रांनो, माणसाला बोलावून आणायला फलक लागतात, फोटो लागतात, केवढा गाजावाजा लागतो. त्याला टिकवायला एक साधा प्रश्न पुरतो, आणि तोच आपण विसरतो. तुमच्या वर्गातलं एखादं बाक चार दिवस रिकामं दिसलं, तर मोठी माणसं बघतील म्हणून थांबू नका. त्यावर बसणाऱ्याच्या घरी जा, त्याला विचारा. मला जागचं हलता येत नाही. तुम्हाला येतं.