घेऊन या

"मी 'घेऊन या' म्हणालो होतो? वर बघून सांग, म्हणालो होतो?"

बाबा दारातच उभे होते. भरदुपारी, कामाच्या कपड्यांत, गुडघ्यापर्यंत पांढरे. फरशी पॉलिश करणारा माणूस दुपारी घरी येत नाही. मशीन एकदा लावलं की संध्याकाळीच बंद.

"ओरडताय कशाला? एक मेसेज तर होता."

"एक मेसेज! त्या एका मेसेजने त्या बाईचा पोरगा कॉलेज सोडून घरी पडलाय!"

माझी ताई लांबच्या एका छोट्या कॉलेजात शिकते, होस्टेलवर राहून. लिबरल आर्ट्स. वर्षाला चाळीसच मुलं घेतात. तिथे नेमकं काय शिकवतात ते बाबांना अजून नीट कळलेलं नाही. शेजारच्या काकांनी विचारलं तर म्हणाले, "सगळंच, थोडंथोडं."

"मग फरशीपण शिकवत असतील की! घरात मास्तर असताना एवढ्या लांब कशाला पाठवलीत?" मी तेव्हा म्हटलं होतं.

बाबा हसले. अशा वेळी ते हसतात, आणि डोकं माझं फिरतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या आईबाबांचा मोबाईलवर ग्रुप आहे. वकील, डॉक्टर, प्रोफेसर आणि आमचे बाबा. वाचता येतं त्यांना, पण दगड घासून घासून बोटं अशी झालीत की मोबाईल त्यांना ओळखतच नाही. म्हणून ते बोलणार, मी लिहिणार. एकदा कोणीतरी विचारलं, होस्टेलच्या खोलीत ओल येते, मुलगी सारखी शिंकते. सगळ्यांनी औषधं सुचवली. बाबा म्हणाले, "कॉट भिंतीपासून वीतभर लांब घ्या. कपाटामागे हवा खेळू द्या." पोरीच्या शिंका थांबल्या. एका प्रोफेसरांनी बाबांना 'सर' लिहिलं. ते त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. तेव्हापासून लोक त्यांचं ऐकायला लागले.

मागच्या आठवड्यात एका आईने लिहिलं. नर्स आहे, एकटीच असते. मुलगा रोज फोनवर रडतो, इथे माझं कोणी नाही म्हणतो. काय करू, परत आणू का? बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "लिही. आणू नका. तुम्ही जा. दोन दिवस त्याच्याजवळ नुसत्या बसा. माझ्या मुलाने शाळा सोडली तेव्हा हेडमास्तरांनी मला दोनदा बोलावलं होतं. मी गेलो नाही, म्हटलं काम आहे. वर आठ दिवस मुलाशी बोललो नाही. तुम्ही तसं करू नका."

माझी सटकली. मी शाळा सोडल्यापासून दोन वर्षांत माझ्यापाशी या विषयावर चकार शब्द नाही, आणि परक्या बाईला सगळं रामायण? तेही सत्तर-ऐंशी लोकांपुढे?

सगळं पुसलं. लिहिलं, 'घेऊन या. शिक्षण कुठे पळून जात नाही.'

"वाच बरं," बाबा म्हणाले.

मी त्यांचंच बोलणं त्यांना वाचल्यासारखं म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. पाठवलं मात्र माझं. त्यांनी मान डोलावली आणि जेवायला लागले.

ती बाई दुसऱ्याच दिवशी गेली आणि पोराला घेऊन आली.

आज तिचा फोन आला बाबांना, कामावर. भांडायला नाही. विचारायलाच. दादा, तुम्ही 'घेऊन या' म्हणालात म्हणून आणलं, आता काय करू? पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलाय. म्हणतो, मी तुला 'ये' म्हणत होतो, 'ने' नव्हतो म्हणत. तुलाच मी टिकेन असं वाटलं नाही, आता कशाला परत जाऊ? कॉलेजने आज पाचपर्यंत त्याची जागा धरून ठेवलीय. त्याने स्वतः फोन करून येतो म्हणायचं. नाही केला तर यादीतल्या पुढच्याला देणार.

"मग मला का चव्हाट्यावर मांडत होतात?" मी ओरडलो. "त्या लोकांपुढे माझी लाज काढायची काय गरज होती?"

बाबा उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "तुझी कुठे रे. मी माझी चूक सांगत होतो."

"मग ती मला सांगायची!"

ते तळहातावरची पांढरी खपली नखाने काढत बसले. निघत नव्हती.

"तुला सांगायला जमलं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर तुला लिहायला सांगितलं."

 

मी बाबांचा मोबाईल उचलला. "थांबा, आत्ता लिहून टाकतो ग्रुपवर. मी लिहिलं होतं म्हणून."

"लिहू नको. त्या पोराला जाऊन सांग. तोंडावर. त्याची आई चुकली नाही म्हणावं, मी चुकलो."

"आणि त्याने नाही ऐकलं तर?"

"तर नाही ऐकलं."

नर्सबाईचं घर बसने तासाभरावर आहे. आता पावणेतीन झालेत. त्या पोराला पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. तो हाणेलही मला. त्याच्या जागी मी असतो तर हाणलंच असतं.

बाबा हातपाय धुऊन, शर्ट बदलून केव्हाच खाली जाऊन उभे राहिलेत. हाक मारत नाहीत.

चला, मला निघायला हवं.