सर्व्हर उठेपर्यंत

चिंतामण भोयेला एक खोड होती. कुठलंही काम हातात घ्यायचं तर आधी त्याची जय्यत तयारी झाली पाहिजे. वणीला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं तरी हा गृहस्थ आदल्या दिवशी गाडीची हवा तपासणार, टॉर्चचे सेल बदलणार, पावसाळा नसला तरी छत्री घेणार. "तुमची तयारी होईस्तोवर देवीच गड उतरून खाली यायची," असं त्याची बायको आशा म्हणायची. अंबडच्या एका कारखान्यात तो संगणकांचा कारभार सांभाळायचा, आणि तिथे मात्र ही खोड गुणात धरली जायची. माणूस बिघडायला एवढं कौतुक पुरतं.

२००८ च्या मे महिन्यात त्याचा बाप मंगळू सुरगाण्याकडच्या पाड्यावरून एसटीने नाशिकला आला. पेठ रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात शिरताना त्याच्या काखेत धोतरात गुंडाळलेली काशाची थाळी होती. पिशवी त्याने सुनेच्या हातात दिली, थाळी दिली नाही. या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवतात. काडीवरून बोटं वरून खाली ओढली की थाळी घुमायला लागते, आणि त्या घुमण्यावर कणसरीची कथा म्हणतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी. ती रुसून घर सोडते, माणसं उपाशी पडतात, मग तिला शोधत हिंडतात आणि विनवून घरी आणतात. कथा भलती लांब. अख्खी येणारा पाड्यावर आता एकटा मंगळूच उरला होता.

ती रेकॉर्ड करून ठेवायची म्हणून चिंतामण बापाच्या चार वर्षं मागे लागला होता. खरं तर पीक घरात आल्यावर पाड्यावर कथा होतच असे, तेव्हा जाऊन रेकॉर्ड करता आली असती. पण तिथे कुत्री भुंकणार, पोरं रडणार, कुणीतरी पिऊन येऊन मध्येच नाचायला उठणार. चिंतामणला स्वच्छ आवाज हवा होता. कथेचा हंगाम सोडून, घर सोडून, शहरातल्या बंद खोलीत कथा म्हणायची हे मंगळूला पटत नव्हतं. शेवटी त्याने देवीपुढे तांदूळ ठेवून विचारलं, आणि देवीने एकदा म्हणायला हो म्हटलं.

"एकदाच म्हणन," आल्या आल्या मंगळूने सांगून टाकलं. "आन एकदा धरली का सोडायची नाय. अर्ध्यात टाकली तर कणसरी वाटंतच राहती. तिला घरात आणूनच उठायचं."

"चालेल बा. मी सगळी तयारी केलीय," चिंतामण म्हणाला.

घराण्याची आणखी एक रीत होती. कथा म्हणायच्या दिवशी म्हणणाऱ्याने ती संपेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, पाणी तेवढं चालतं. ही रीत चिंतामणला लहानपणापासून ठाऊक होती. पुढे जे झालं त्यात तेच त्याला जास्त लागलं.

आता त्याची तयारी काय होती ते सांगायला हवं. रेकॉर्डर त्याने महात्मा गांधी रोडवरून आणला होता, खिशात मावणारा आणि चांगला. पण नुसतं रेकॉर्ड करून भागणार नव्हतं. आदल्या वर्षी त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली आणि मुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. आशा त्यावरून दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून त्याने मनाशी धरलं होतं की घरात एक सर्व्हर हवा, दोन डिस्कचा, म्हणजे जे ठेवू ते दोन्हीकडे लिहिलं जाईल आणि एक डिस्क गेली तरी दुसरी राहील. कारखान्यातून मोडीत निघालेला कॉम्प्युटरचा एक जुना डबा त्याने घरी आणला, दोन नव्या डिस्क बसवल्या. त्यावर चालवायची प्रणाली इंटरनेटवर फुकट मिळत होती. ती पेन ड्राइव्हवर टाकायची, पेन ड्राइव्ह डब्याला लावायचा, बटण दाबायचं. बस्स, एवढंच राहिलं होतं.

मंगळू आला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंतामणने बटण दाबलं. पेन ड्राइव्हचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली, सिस्टीम डिस्क टाका आणि कुठलंही बटण दाबा.

मंगळूने पहाटेच अंघोळ केली होती. मेण तापवून काडी उभी केली होती. थाळी पुढ्यात घेऊन तो भिंतीशी मांडी घालून बसला होता.

"अर्धा तास थांब बा," चिंतामण म्हणाला.

त्याने प्रणाली पुन्हा उतरवून घेतली, पुन्हा पेन ड्राइव्हवर लिहिली. तीच ओळ. मग त्याच्या लक्षात आलं की आधी फ्लॉपीकडे बघायची डब्याची सवय आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्याने पेन ड्राइव्हला पहिला नंबर दिला. तीच ओळ. त्या सेटिंगमध्ये पेन ड्राइव्हची तीन-तीन नावं होती, त्यातलं कुठलं खरं हे डबा बनवणाऱ्यालाच माहीत. चिंतामण एकेक करून बघत होता तोवर लोडशेडिंगची वेळ झाली आणि वीज गेली.

वीज परत आली तेव्हा डबा सगळं विसरून पुन्हा फ्लॉपी शोधत बसला होता. आतला सेल मेला होता. वीज गेली की यंत्राची आठवण जायची.

"आज काय जमत नाही बा. तू जेवून घे."

मंगळूने काडी काढली, मेणाचा गोळा करून डबीत ठेवला आणि आशाने वाढलेली नागलीची भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. चिंतामणने सेल बदलला, दुसरा पेन ड्राइव्ह आणला, कारखान्यातल्या मित्राला फोन करून पिडलं, इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांच्या तक्रारी वाचल्या. कधी डबा ती ओळ दाखवायचा, कधी नुसतीच पांढरी रेघ लुकलुकत ठेवायचा. चिंतामणला आता ईर्षा चढली होती. मनाशी प्रामाणिक राहून सांगायचं तर तो त्या दिवसांत सुखात होता. बाप घरात होता, सुट्टी होती आणि समोर सुटत नसलेलं एक कोडं होतं. भिंतीशी म्हातारा रोज उपाशी बसतोय हे त्याला दिसत होतं. त्याचं मन मात्र तिकडे वळत नव्हतं.

आशाचं वळलं. स्वयंपाकघरात बोलावून तिने हळू आवाजात त्याला झापलं.

"त्या रेकॉर्डरवर घ्या ना आज. तुमचा सर्व्हर काय, उद्या होईल, परवा होईल."

"आणि रेकॉर्डरमधून कुठे ठेवू? त्या जुन्या कॉम्प्युटरवर? बारशाचे फोटो ठेवले तसे?"

"सीडीवर टाका. अहो, मामा सकाळपासून पाण्यावर आहेत."

"आशा, तो एकदाच म्हणणार आहे. एकदाच! ते गेलं तर पुन्हा कुठून आणू?"

चिंतामणचं म्हणणं चुकीचं होतं असं त्या क्षणी कुणीच म्हटलं नसतं. बापाने घातलेल्या अटीमुळेच तो एवढा घाबरला होता. पुन्हा पुन्हा म्हणता येणारं गाणं असतं तर त्याने ते कशातही भरून ठेवलं असतं.

बाहेर येऊन तो बापाला म्हणाला, "बा, तोवर दोन ओळी म्हण. माइक तपासून घेतो."

मंगळूने मान हलवली. "दोन वळी म्हंजे धरलीच ना."

"नुसती थाळी तरी वाजव."

"थाळी वाजली का ती उठती. मंग तिला काय सांगू, माझ्या पोराचं यंत्र झोपलंय, तू बस?"

आशा खुदकन हसली. मंगळूही हसला. चिंतामण हसला नाही, तो पेन ड्राइव्ह काढून त्याच्या तोंडावर फुंकर मारत होता.

आठवडा गेला. एका दुपारी पश्चिमेला ढग जमले तसा मंगळूचा जीव घरात रमेना. रोपासाठी भाजून ठेवलेली जमीन तिकडे वाट बघत होती, पहिल्या सरीच्या आधी बी पेरायला हवं होतं.

"मी निघतो आता. उठलं तुझं यंत्र का सांग, यीन."

"देवीने एकदाच म्हटलंय ना? मग पुन्हा विचारावं लागेल?"

"ते एकदा हाय तसंच हाय. म्हटली कुठं मी?" मंगळू म्हणाला.

पेठ फाट्यावर चिंतामणने त्याला एसटीत बसवलं. खिडकीतून मंगळूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लय कष्ट घेतोस तू." त्यात टोमणा नव्हता. बाप खरोखर कौतुकाने बोलत होता, आणि पुढे कित्येक वर्षं चिंतामणला ते वाक्य आठवलं की जेवण गोड लागायचं नाही.

घरी येऊन त्याने डब्याचं झाकण लावायला घेतलं. डबा भिंतीकडे फिरवताना पुढे लावलेला पेन ड्राइव्ह आड येत होता, म्हणून त्याने तो काढला आणि उगाच मागच्या बाजूच्या खाचेत घातला. बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. सर्व्हर उठला होता.

पुढच्या खाचा एका वायरीने आत जोडलेल्या असतात, आणि सुरू होताना तो जुना डबा त्यांच्याकडे बघतच नसे. बाकी सगळं कधीच बरोबर झालेलं होतं. बहुधा दुसऱ्याच दिवसापासून. एवढ्या दिवसांत प्रणाली बदलली, सेल बदलला, पेन ड्राइव्ह बदलला, पण तो मागून लावून बघावा हे या हुशार माणसाला सुचलं नाही. चिंतामण आनंदाने ओरडला. आशा दारात येऊन उभी राहिली, पडद्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

मंगळूकडे फोन नव्हता. चुलतभाऊ गोटीरामच्या मोबाइलवर चिंतामणने निरोप ठेवला की यंत्र उठलं, बाला सांग. गोटीरामचा उलटा निरोप आला, बा म्हणतोय आता लावणी झाल्यावर. लावणीनंतर निंदणी आली, मग सण आले, मग कापणी आली. चिंतामणही निवांत होता. तयारी तर झालेली होती, दोन्ही डिस्क व्यवस्थित चालत होत्या. त्यांच्यावर तोवर मुलीची बडबडगीतं आणि मित्राने दिलेले सिनेमे येऊन बसले.

दिवाळी झाल्यावर गोटीरामचा फोन आला. मंगळूला खळ्यावर झटका आला होता, उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती.

नाशिकच्या दवाखान्यात काही आठवडे काढून मंगळू पाड्यावर परतला. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल असं वाटत नाही. सरत्या थंडीत चिंतामण सुट्टी काढून एकटाच गावी गेला. रेकॉर्डर त्याने बरोबर घेतला होता, कशासाठी ते त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. मंगळू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. लेकाला बघून तोंडाच्या डाव्या बाजूने हसला आणि डाव्या हाताने आत बोट दाखवलं. चिंतामणने पाणी आणलं. ते नको होतं. गोधडी आणली. तीही नको होती. मग चिंतामणने थाळी आणून पुढ्यात ठेवली.

सकाळी गोटीरामच्या बायकोने दिलेली पेज म्हाताऱ्याने तशीच ठेवली होती. भांडं बाजूला झाकलेलं दिसत होतं.

चिंतामणने मेण तापवलं. काडी उभी करायचं काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती दोनदा कलली, तिसऱ्यांदा मंगळूने डाव्या हाताने दाबून सरळ केली. रेकॉर्डर चालू करून चिंतामणने तो उंबऱ्यावर ठेवला. खाली कुत्री भुंकत होती, शेजारचं पोर रडत होतं. त्याने कुणालाही गप्प केलं नाही.

मंगळूने काडीवरून बोटं ओढली. थाळी घुमली. त्याचे ओठ हलायला लागले आणि गळ्यातून नुसता वारा आला. एक ओळ झाली असावी, कारण बोटं थांबली आणि त्याने लेकाकडे बघितलं.

कथेत दर ओळीनंतर समोर बसणाऱ्याने होकार द्यायचा असतो. त्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही. लहानपणी बापासमोर बसून चिंतामणनेच तो कितीदा दिला होता, झोप येईपर्यंत. कथेतलं त्याला तेवढंच येत होतं. शब्द बापाचे, ते बापाला येतात, आपण कशाला पाठ करायचे, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि मोठेपणीही तेच वाटत राहिलं.

"हां जी," चिंतामण म्हणाला.

मंगळूने पुन्हा बोटं ओढली. पुन्हा ओठ हलले, पुन्हा तो थांबला.

"हां जी."

चिंतामणला रडू फुटलं. मंगळूने ते बघितलं तरी हात थांबवला नाही, आता थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, गोटीराम डोकावून गेला. कणसरी अजून घर सोडून निघाली आहे, की रानात भटकते आहे, की दारापर्यंत आली आहे, हे चिंतामणला काही कळत नव्हतं. बापाची बोटं थांबली की तो होकार देत होता.