ओसाची कबर

थोरानं मेलेल्या पोरीच्या अंगातला रेशमी झगा उतरवायला घेतला. हात ताठरले होते, बाही निघता निघेना. बिशप एरलिंग खिडकीकडे तोंड करून उभे होते.

ही मुलगी म्हणजे नॉर्वेची राणी हेल्गा. वय सहा. आई बाळंतपणातच गेलेली, बाप स्कॉटलंडच्या लढाईत पडलेला. तिथल्या राजपुत्राशी तिचं लग्न ठरलं होतं. दोन्ही राज्यं एक व्हायची होती. वाटेत वादळानं जहाज ऑर्कनी बेटाला लावलं, आणि तोवर पोरीच्या तापानं डोकं वर काढलं होतं. थोरा तिची दाई. तिची स्वतःची ओसाही त्याच वयाची, हेल्गाच्याच ताटात जेवून वाढलेली.

बिशपांनी हुकूम केला नाही. हुकूम केला असता तर थोराला नाही म्हणता आलं असतं. ते हळू आवाजात सांगत राहिले. स्कॉटलंडच्या कुणीही राणीला पाहिलेलं नाही. लग्न मोडलं तर उन्हाळ्यात पुन्हा लढाईची गलबतं निघतील, पुन्हा घराघरांतली माणसं जातील. थोराचा नवरा तसाच गेला होता. त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नव्हतं. जहाजावरची मोजकी माणसं क्रुसावर हात ठेवून गप्प राहायला तयार होती.

थोरानं विचारलं, "ओसाला मायेनं वागवतील ना, महाराज?"

"राणीला वागवतात तसं वागवतील."

"ते कसं असतं, मला काय ठाऊक?"

थोरानं झगा झटकून खुर्चीवर टाकला आणि ओसाला हाक मारली.

आजपासून तुझं नाव हेल्गा, मला दाई म्हणायचं, असं सांगितल्यावर ओसाला तो खेळ वाटला. ती झग्यात गिरक्या घेत राहिली. किनाऱ्यावर स्कॉटलंडचे सरदार न्यायला आले आणि थोरा होडीत चढत नाही असं दिसलं, तेव्हा मात्र तिनं "आई, आई" म्हणून आकांत मांडला. पोरकी पोर मेलेल्या आईला हाका मारते आहे, असं समजून एका दाढीवाल्या सरदारानं डोळे पुसले.

चर्चमागच्या अंगणात ओसाच्या नावानं हेल्गाला पुरलं. बेटावरच्या बायका थोराला धरून बसल्या, पोटच्या पोरीचं दुःख काय असतं ते आम्हाला विचार, म्हणाल्या. दूध तिनं दोघींनाही पाजलं होतं. आपण कुणासाठी रडतो आहोत हे तिचं तिलाच कळेना.

थोरा नॉर्वेला परत गेलीच नाही. किनाऱ्यावर हेरिंग मासे साफ करून पोट भरत राहिली. लग्न झालं, दोन मुकुटांचा एक झाला. गलबतं आता खारवलेले मासे आणि लाकूड नेत. शेजारणींचे मुलगे दाढ्या पिकेपर्यंत जगू लागले. त्यांच्या लग्नांत थोरा जेवायला जाई, मागल्या बाकावर बसे, लवकर उठे.

मग एका शरद ऋतूत राणी बेटावर आली. तिनं आपल्या बालमैत्रिणीची कबर पाहायला मागितली. सरदारांना फाटकापाशी थांबवून ती एकटीच आत आली. थोरा तिथंच गवत उपटत होती. ती धडपडत उठली.

"ओसाची आई तुम्हीच ना?" राणीनं विचारलं. एवढी मोठी राणी, पण म्हातारीला अहोजाहो करत होती.

"हो, सरकार."

राणी दगडाकडे वळली. "जहाजावर मी हिचा हात धरून बसले होते. एवढं आठवतं. बाकीचं मला इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलंय, की माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, कळत नाही."

थोरानं हातातलं गवत खाली टाकलं.

"मला आईचे हात आठवतात," राणी म्हणाली. "खरखरीत. माझी आई तर मला जन्म देतानाच गेली. आणि राणीचे हात खरखरीत कसे असतील?"

फाटकापाशी दोन्ही देशांचे सरदार एकमेकांशी हसत बोलत होते. थोरानं मातीचे हात शालीखाली घेतले.

"माझे असतील, सरकार. दाई होते मी तुमची."

"दाईचे," राणी म्हणाली. "हां. तसंच असेल."

तिनं वाकून दगडावरची माती बोटांनी साफ केली, क्रुसाची खूण केली आणि निघाली. चार पावलं गेल्यावर थांबली. मागं वळली नाही.

"वारा सुटलाय," ती म्हणाली. "घरी जा आता. आणि जपून राहा गं तू."

सरदारांनी तिला वाट करून दिली. तिचा झगा उतारावरून दिसेनासा झाला, तरी थोरा तिथंच उभी होती.