मिरचीतल्या पिवळ्या माश्या

माझी धाकटी जाऊ पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायची. खोटं कशाला बोलू? आमच्या पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची अकरा वर्षं मी एकटीने वाढवली, आणि दिरांनी लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच हिला माझ्या हाताखाली पाठवलं. काम जमलं तर आत राहील, नाहीतर पॅकिंगच्या शेडमध्ये खोकी चिकटवत बसेल, असं ठरलं. खोक्यांचा तिला उबग आला होता. रोज माझ्या आधी येऊन दारात उभी असायची, आणि माझं डोकं तिथूनच फिरायचं.

त्यातच शेवटच्या चार ओळींवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला. आमच्या मालावर बिनफवारणीचा शिक्का असतो; एकदा औषध मारलं की अख्ख्या हंगामाचा शिक्का गेला. दीर पंप घेऊन तयारच होते. मी त्यांच्याकडून भांडून दहा दिवस घेतले, ते सिरफिड माश्यांच्या भरवशावर.

ही माशी नारिंगी-पिवळी, पोटावर काळे पट्टे. पाहणाऱ्याला गांधीलमाशीच वाटावी. पण हिला नांगी नाही, आणि पंखही दोनच. फुलासमोर हवेत एका जागी थांबते, मग झटकन बाजूला सरकते. स्वतः मध आणि पराग खाते, अंडी मात्र नेमकी माव्याच्या गर्दीत घालते. त्यातून निघते ती अळी बिनपायांची, आंधळी, हिरवट आणि शेंबडासारखी बुळबुळीत. ती चाचपडत मावा पकडते, वर उचलून धरते, शोषते आणि साल टाकून पुढच्याकडे वळते. कोषात जाईपर्यंत एकेक अळी शेकडोंचा फडशा पाडते. सातव्या दिवशी मी भिंग लावून पाहिलं, तर मावा निम्म्यावर आला होता.

आठव्या दिवशी मी नवी रोपं आणायला गेले आणि दुपारी परतले. शेंड्यांवर मावा तसाच होता, पण पानांवर एक अळी दिसेना. खाली साबणाच्या पाण्याची बादली होती, तिच्यात माझ्या सगळ्या अळ्या आणि कोष तरंगत होते. जाऊबाई हातात चिमटा घेऊन उभी, घामाघूम, आणि शाबासकीची वाट बघत असलेली.

मी तोंडाचा पट्टा सोडला. मावा खाणाऱ्या, नांगीसुद्धा नसलेल्या माश्यांची पिल्लं मारलीस म्हणून तिची अक्कल काढली, माहेर काढलं, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. ती मग हळूच म्हणाली, "ताई, काल एका कोषातून ती पिवळी माशी निघताना मी पाहिली. त्या डसतात, मागच्या ओळींत फिरकू नकोस, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? मला वाटलं, तुम्हाला डसायला नकोत."

सांगितलं होतं मी. ती आत रुळू नये म्हणून मीच थाप मारली होती. डसत नाहीत हे आता तिला माझ्याच शिव्यांतून कळलं होतं. मी बादली उचलून गटारात ओतली आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

दहाव्या दिवशी मावा फुलांपर्यंत चढला. दीर आले, पानं उलटून पाहिली आणि अळ्या कुठे गेल्या म्हणून विचारलं. जाऊने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिने माझं नाव घेतलं असतं तर मला बरं झालं असतं, तिच्या झिंज्या उपटायला मी मोकळी झाले असते.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली.

दिरांनी तिला तिथल्या तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये जायला सांगितलं, आणि वर मलाच म्हणाले की वहिनी, तुमच्या गळ्यात हिला बांधली ही माझी चूक. तिने ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, खुंटीला अडकवला आणि दिरांना पंपासाठी पाणी भरून दिलं.